धूमराजाचा श्वास

रंगभूमीला अशक्य असं काही नसतं. ती रिकाम्या फळ्यांवर समुद्र आणते आणि माणसाच्या तळहातावर पर्वत ठेवते. जालन्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या राजानंदनं हे वाक्य बी.ए.च्या मुलांना इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते आपलं आहे की कुठल्या गाईडमधलं, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं. आज दुपारी तो ज्या मंचावर उभा होता तिथं भिंतीवर पाटी होती : ‘मंचावर नारळ फोडू नये. आदेशावरून.’ म्हणजे रंगभूमीला अशक्य अशी एक गोष्ट तरी निघाली होती. आणि धर्मराज साहेब हातात सोललेला नारळ घेऊन, तो कशावर आपटावा याचा शोध घेत मंचभर हिंडत होते.

धर्मराज साहेब म्हणजे ‘धूम्रदेश’ या पाच खंडांच्या अद्भुत कादंबरीमालेचे लेखक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम परतूर. त्या पाच खंडांचं राजानंदनं दोन अंकी नाटक केलं होतं आणि संध्याकाळी त्याचा पहिला प्रयोग होता. मंचाच्या मधोमध नाटकाचा खरा नायक, धूमराज नावाचा ड्रॅगन, मान टाकून बसला होता. ठिबकच्या नळ्यांचा सांगाडा, शेततळ्याच्या काळ्या कागदाचे पंख, मान हलवायला भंगारातल्या जीपच्या वायपरच्या मोटरी. जबडा मात्र खऱ्या लोखंडी अँगलचा, कारण जालन्यात लोखंड मिळतंच. हे सगळं गावातल्याच मस्तगड भागातल्या राधेश्याम मंडपवाल्यानं उभं केलं होतं. त्याचा अनुभव नवरीच्या एंट्रीचा. धुरातून नवरी वर आणणं, कमळातून नवरी बाहेर काढणं, अशी कामं तो सीझनला करायचा. ड्रॅगन हा शब्द त्याला अवघड जायचा असं नाही, पण तो पहिल्या दिवसापासून त्याला मगरच म्हणायचा.

“खाली न्हाई फोडता येत साहेब,” राधेश्याम म्हणाला, “वॉचमन बघून राह्यला.”

“मंग काय पूजा न करता मशीन सुरू करायची? माझ्या अख्ख्या सर्विसमधी बिना नारळाचा एक जेसीबी सुरू झाला न्हाई.”

“मंग मगरीवरच फोडा ना. मगर म्हंजी मंच थोडीच हाय?”

धर्मराज साहेबांना हा मुद्दा बिलकुल पटला. त्यांनी धूमराजाच्या जबड्याला हळद-कुंकू लावलं, उदबत्ती नाकपुडीत खोचली. राजानंद तीन-चार पावलांवर उभा होता. जबड्याच्या बरोबर खाली, वायर कमी लागावी म्हणून, मोटरींचा कंट्रोल बॉक्स बसवलेला त्याला दिसत होता. त्याचं झाकण अजून लावलेलं नव्हतं. ‘साहेब, खाली वायरिंग आहे,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण समोर नारळ होता, आणि नारळासमोर राजानंद बोलत नसे. हे त्यानं कधी ठरवलं नव्हतं. नोकरीला लागला तेव्हा कॉलेजात झेरॉक्सचं मशीन आलं होतं, त्याच्यासमोर नारळ फुटला. मग संगणक आले, पाण्याचा फिल्टर आला, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र आलं, आणि प्रत्येक वेळी स्टाफ अर्धगोल करून उभा राहिला. एकदा, अगदी सुरुवातीला, त्यानं हसत हसत म्हटलं होतं की मशीनला काय कळतंय सर. त्यावर एक जण, तेवढंच हसत, म्हणाला होता, “हां, तुमच्यात नसतं ना हे.” त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. ते खरंही होतं. त्याच्या आजोबांनी छप्पन्न सालीच देव्हारा रिकामा केला होता. पण त्या ‘तुमच्यात’नंतर जी शांतता पडली ती त्याला पुन्हा नको होती. तेव्हापासून नारळ आला की तो नारळाच्या किंचित वर, हातभर अंतरावरच्या एका बिंदूकडे बघायचा. तिथं कधीच काही नसे. पुढं ही नजर इतर ठिकाणीही कामाला आली. मीटिंगमध्ये आली, अपमानात आली, आणि दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर त्याच्या बायकोबद्दल, कांताबद्दल सांगत होते तेव्हाही तो डॉक्टरांच्या डोक्याच्या किंचित वर, एका ट्यूबलाइटच्या कडेकडे बघत होता. आत्ताही त्यानं तसंच केलं. ठक्कन आवाज झाला. नारळ चांगला निघाला. भरपूर पाणी होतं.

“शुभ झालं,” धर्मराज साहेब म्हणाले आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. खोबरं गोड होतं की नाही हे त्याला कळलं नाही. गेली दोन वर्षं बऱ्याच गोष्टींबाबत असं होत होतं. चहा गरम आहे हे जिभेला कळायचं आणि तेवढ्यावर ते थांबायचं. यालाच दुःख म्हणतात का, हे त्यानं स्वतःला विचारून पाहिलं होतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही आपला नसतो, बोट लावलं तर बोटाला कळतं पण गालाला नाही, तसं काहीसं होतं. फरक एवढाच की दाढेचं इंजेक्शन संध्याकाळपर्यंत उतरतं.

‘धूम्रदेश’ मुळात त्याच्या घरात नाटक म्हणून आला नव्हता. तो लोडशेडिंगमुळे आला. अक्षता, त्याची मुलगी, तेव्हा चौथी-पाचवीत असेल. तिन्हीसांजेला लाइट जायची आणि तिला अंधाराची भीती वाटायची. म्हणून तो बॅटरीच्या उजेडात पहिला खंड वाचायला लागला. राजानंद वाचायचा तो वर्गात हजेरी घ्यावी तसा, सरळ, एका सुरात. तलवारी, वादळं, जळती नदी, सगळं एकाच पट्टीत. कांताला ते सहन झालं नाही. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, तिथं वादळ आलंय ना? मंग जरा आल्यासारखं वाचा की,” आणि उत्तराची वाट न बघता तिनं परात भिंतीवर आपटली. अक्षता किंचाळली आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली. तेव्हापासून वाचन त्याचं आणि बाकी सगळं कांताचं. घोड्यांच्या टापा म्हणजे लाटण्यानं ओट्यावर. भुतांची कुजबुज म्हणजे सुपातले तांदूळ. आणि धूमराज म्हणजे कुकर. शिट्टी धरून ठेवायची, आणि ‘मग धूमराजानं श्वास घेतला’ या वाक्यानंतर सोडायची. वेळ चुकू नये म्हणून राजानंद त्या वाक्यानंतर थांबायचा. अंधारात तिघंही थांबलेले असायचे. मग आत फुस्स करून धूमराज जिवंत व्हायचा, अक्षता त्याच्या दंडाला धरायची, आणि पाठोपाठ लसूण-मिरचीच्या फोडणीचा ठसका बाहेर यायचा, कारण कांता दोन्ही कामं एकदम उरकायची. पाच खंड व्हायला दोन-अडीच वर्षं लागली. मग लोडशेडिंग कमी झालं, अक्षताला मोबाइल मिळाला, आणि धूम्रदेश कपाटावर गेला.

कांता गेली तेव्हा अक्षता पुण्याहून आली. राख आणली, मग तिसऱ्या दिवशी राजानंद कॉलेजला गेला. तासाला विषय होता करुणरस. त्यानं तो नीट शिकवला, मुलांनी लिहून घेतला. घरी आला तर अक्षता दारात उभी. “पप्पा, तुम्ही लेक्चरला गेल्ता?” तिनं विचारलं. तो म्हणाला, “पोर्शन राहिला होता.” पुण्यात राहून तिची भाषा बदलली होती, पण त्या दिवशी सगळी जालन्याची झाली. “माझी आई मेली आन् तुम्ही पोर्शन करून राह्यले? तुमच्या डोळ्यात एक टिपूस न्हाई आला पप्पा. मी बघत होते. मी दुसरं काही बघतच नव्हते.” तो तिच्या डोक्याच्या किंचित वर बघत राहिला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर ती गेली, आणि त्यानंतर आली नाही. फोन यायचे. जेवलात का, औषधं घेतलीत का, बरं ठेवते.

म्हणून धर्मराज साहेबांनी ‘आपल्या जिल्ह्याचं अद्भुत आपल्याच मंचावर’ अशी हाक दिली आणि नाट्यरूपांतराला माणूस शोधला, तेव्हा राजानंद हो म्हणाला. साहेबांना वाटलं, साहित्यप्रेम. ते त्याचं बोट धरून त्याला प्रत्येक खंडातून चालवत राहिले. चाळीस हजारांचं सैन्य होतं, त्याची त्यानं तीन मुलं केली. जळती नदी म्हणजे केशरी ओढणी. आकाशात तरंगणारं शहर त्यानं एका वाक्यात बसवलं : नायिका प्रेक्षकांच्या डोक्यावर बोट दाखवून म्हणते, ते बघ.

“शहर कुठंय पण?” साहेबांनी तालमीत विचारलं.

“ते बघतेय ना ती.”

“ती बघतीय, मला न्हाई दिसत. दोनशे पानं लिव्हली मी त्या शहरावर. नळयोजनेसकट.”

शेवटी तडजोड झाली : शहर नाही दिसलं तरी चालेल, पण धूमराज दिसला पाहिजे, मान हलवून दिसला पाहिजे, आणि उडाला पाहिजे. “राधेश्याम नवरी उडवतो तर ह्याला काय धाड भरली?” राधेश्याम म्हणाला, “बराबर उडंल. नवरीपेक्षा हलकीच हाय मगर.” सूत्रधाराचं काम राजानंदनं स्वतःकडे घेतलं. मंचाच्या कोपऱ्यात एक खुर्ची, हातात पुस्तक, आणि वाचायचं. त्याला तेवढंच येत होतं. मग त्यानं अक्षताला फोन केला. धूम्रदेश आहे, म्हणाला. ती म्हणाली, “प्रयोग बघते आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत निघते. मुक्काम नाही करणार.” तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर त्यानं तिची खोली झाडली, चादर बदलली, आणि मुक्काम नसलेल्या माणसासाठी उशीला नवा अभ्रा घातला. हे आपण का केलं, याचं त्याला जरा नवल वाटलं. नवल वाटलं हेही बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी सभागृह भरलं. आधी सत्कार झाले. धर्मराज साहेबांना शाल मिळाली, ती पांघरून ते पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या पलीकडे, कडेच्या खुर्चीत, अक्षता. पाठीवरची सॅक तिनं मांडीवर घेतली होती, एसटीत बसल्यासारखी. पहिला अंक ठीक गेला. तीन मुलांच्या सैन्याला लोक हसले, पण वाईट नव्हे. नायिका बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणाली तेव्हा मागच्या रांगांतल्या काही जणांनी खरोखर वर बघितलं. मध्यंतरात विंगेत राधेश्याम भेटला. कपाळावर घाम. “सर, टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला, त्यामुळे राजानंदला कळलं की काहीतरी झालंय. “मान हलंना गेली. डब्यातून जरा वास येऊन राह्यला. बघतो मी. ब्लोअर हाय आपल्याकडं.”

ब्लोअर म्हणजे पाठीवर घेऊन फवारणी करायचा पेट्रोलचा पंप. लग्नातलं धुराचं मशीन नवरा-नवरीच्या पायापुरताच धूर काढतं, आणि धूमराजाचा श्वास पायापुरता असून चालणार नव्हतं. म्हणून राधेश्यामनं धावडा गावच्या शेतकरी साडूकडून तो मागवून घेतला होता. नुसतं पाणी भरायचं, मागून निळा लाइट टाकायचा, की दिसतं धुकं.

नाटक शेवटच्या प्रवेशाला आलं. पाचव्या खंडाचा शेवट : धूमराज जखमी होऊन पडलेला, नायिका त्याच्याजवळ, तो शेवटचा श्वास घेतो, मान उचलतो आणि उडून जातो. मागचा पडदा सरकला. धूमराज दुपारी होता तसाच मान टाकून बसला होता, जबड्याला हळद-कुंकू. राजानंदनं पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, “मग धूमराजानं श्वास घेतला.” काही झालं नाही. विंगेत कुणीतरी ‘खटका, खटका’ म्हणालं. त्यानं पुन्हा वाचलं, “मग धूमराजानं श्वास घेतला,” आणि थांबला. हे थांबणं नाटकातलं नव्हतं. हे त्या बॅटरीच्या उजेडातलं होतं. त्याच्या घशाला ते पाठ होतं. त्याला वाटलं आता आतून शिट्टी येईल. इतकं शांत असताना त्याला एकदम आठवलं, म्हणजे आठवलं असंही नाही, ते तिथंच होतं, की हॉस्पिटलमध्येही तो असाच थांबला होता. कांतानं श्वास घेतला होता आणि तो पुढच्याची वाट बघत होता. चांगला दम धरून थांबला होता, वेळ चुकू नये म्हणून. नर्स आली, तिनं यंत्र बंद केलं, तरी तो थांबलेलाच होता. आपण रडलो नाही असं अक्षता म्हणते. पण रडायचं कधी? ते वाक्य अजून संपलंच नव्हतं. त्यानं मान वर केली. बिंदूकडे बघायची सवय होती, पण बघितलं गेलं ते सरळ, पहिल्या रांगेच्या कडेला. अक्षतानं सॅकला धरलं होतं, दंडाला धरावं तसं. तिलाही हे थांबणं ठाऊक होतं. सगळ्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं की आता काय यायला पाहिजे.

आला तो ब्लोअर. मान हलत नाही हे पक्कं झाल्यावर राधेश्यामनं अक्कल चालवली, दोरी ओढली, आणि पूर्ण रेसवर धूमराजाच्या तोंडातून प्रेक्षकांवर सोडला. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलसारखा आवाज झाला. निळं धुकं मंचावरून उतरलं, पहिल्या रांगेवर गेलं, पुढं गेलं. आणि त्या धुक्यात राजानंदला लसूण-मिरचीच्या फोडणीचा वास आला. स्पष्ट, आत्ता घातल्यासारखा. वास आठवत नसतात, आठवतो तो शब्द, असं तो वर्गात सांगायचा. तर हा आठवत होता, नाकात, घशात, डोळ्यांत. डोळे गरम झाले. गालावरून काहीतरी खाली गेलं आणि गालाला ते कळलं. ते धुक्याच्या आधी सुरू झालं होतं की नंतर, हे त्यानं पुढं पुष्कळदा आठवून बघितलं. त्यानं उरलेलं पान वाचलं, पण पानावरचं दिसत नव्हतं, त्यामुळे पाठ होतं तसं म्हटलं, आणि म्हटलं ते कांताला हवं असायचं तसं, आल्यासारखं. समोर धर्मराज साहेब सत्काराच्या शालीनं डोळे पुसत होते. रांगाच्या रांगा रुमाल काढून बसल्या होत्या. कुणाला ठसका लागला, मग पुष्कळांना लागला. आवंढा दाबल्यासारखा आवाज सभागृहभर झाला. धूमराज उडाला नाही. कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. पडदा पडल्यावर लोक बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले, आणि मग जरा घाईनंच उघड्या हवेत गेले.

धर्मराज साहेब विंगेत येऊन त्याच्या गळ्यातच पडले. “सर, उडाला असता तर एवढं झालं नसतं. पंचवीस वर्षांत एक माणूस रडला न्हाई हो माझ्या पुस्तकावर.” त्यांच्या मागं अक्षता उभी होती. डोळे लाल, सुजलेले, नाक पुसत. साहेब जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “पप्पा, तुम्ही रडलात.” राजानंदच्या स्वतःच्या डोळ्यांची आग होत होती, तिच्या डोक्याच्या वर बघावं तर उघडे राहत नव्हते. “तू पण,” तो म्हणाला. ती हसली की हुंदकली, ते नीट दिसलं नाही. “ट्रॅव्हल्सवाल्याला कळवते,” ती म्हणाली, “उद्या बघू जायचं.”

घरी तिनं खिचडी टाकली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो बाहेर पेपर धरून बसला होता आणि ती ओट्याशी. शिट्टी व्हायच्या आधी दोघंही थांबले होते, हे दोघांना कळलं होतं. जेवताना तिनं आईच्या परातीचं काढलं, भिंतीवर अजून पोचा आहे का म्हणाली. तो होता. तिनं त्यावर बोट फिरवून बघितलं. रात्री ती नव्या अभ्र्याच्या उशीवरच झोपली. खिचडीला मीठ कमी होतं. हे राजानंदला कळलं.

सकाळी दोघांचे डोळे चिकटले होते. कोमट पाण्यानं उघडून ते चहाला बसले, तेवढ्यात राधेश्यामचा फोन आला. मोबाइल टेबलावर होता, स्पीकरवर.

“सर, डोळे कसे हायेत तुमचे? न्हाई, त्याचं काय झालं, धावड्याचा साडू सकाळी ब्लोअर न्यायला आल्ता. म्हणतो, टाकी धुतली होती का? म्या म्हनलं, धुवायची होती? त्याच्यात लसूण-मिरचीचा अर्क होता म्हणे, मिरचीच्या प्लॉटवर मारून राह्यला होता तो. अर्धी टाकी. आपण तसंच वरून पाणी भरलं. साहेबांना नका सांगू. विषारी न्हाई पण, बिलकुल. सेंद्रिय हाय.”

फोन बंद झाला. अक्षतानं कप खाली ठेवला. तिचे डोळे फुगून बारीक झाले होते, लहानपणी झोपेतून उठायची तेव्हासारखे.

“मंग तुम्ही रडलेच नव्हते का?”

राजानंद तिच्याकडे बघत होता. वर नाही, तिच्याकडेच. “माहीत नाही,” तो म्हणाला.

“मला पण माझं माहीत नाही,” ती म्हणाली आणि चपला घालायला उठली. डोळ्यांचे ड्रॉप आणायला दोघं मिळून बाहेर पडले. मस्तगडच्या एकाही मेडिकलमध्ये ड्रॉप शिल्लक नव्हते.